बाई, झाड आणि कबूतर

गेल्या वर्षीची गोष्ट. पाऊस नुकताच सरला होता. आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेने शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा भरवली आणि परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. चित्रकलेतले मला फार कळते अशातला भाग नाही. पण गावात मास्तर म्हणून हयात गेली की असली बोलावणी येतात आणि नाही म्हणता येत नाही. विषय पत्रिकेवर छापलेला होता: 'निसर्ग, स्त्री आणि शांती : लोककलेच्या शैलीत'. साठ-पासष्ट चित्रे टेबलावर मांडली होती. दहाएक पाहून झाली आणि ध्यानात आले की मी एकच चित्र पुन्हा पुन्हा पाहतो आहे. डोक्यावर घागर घेतलेली बाई, तिच्यामागे झाड, झाडाखाली हरीण आणि वर आभाळात चोचीत पान धरलेले कबूतर. कडेने वारली नक्षी. बाईचे डोळे खाली. बाई गप्प.

एकच चित्र निराळे होते. आठवीतल्या एका मुलीचे. तिनेही वारली पद्धतीच्या त्रिकोणी बायका काढल्या होत्या, पण त्या नाचत नव्हत्या. कळशा घेऊन टँकरपुढे रांगेत उभ्या होत्या. बाजूला एक कुणगा तांबड्याने भरून टाकला होता आणि त्या तांबड्यात भाताची रोपे अर्धी बुडालेली होती. रांगेतल्या एका बाईने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. नाक-डोळे नसलेल्या आकृतीतूनही तिचा संताप कळत होता. आम्ही तिघे परीक्षक त्या चित्रापाशी बराच वेळ थांबलो. मग तिघांतले एकजण म्हणाले, "हात चांगला आहे पोरीचा. पण ह्यात शांती कुठे आहे?" शेरा पडला: विषयाला सोडून. निकालपत्रावर तिघांच्या सह्या झाल्या. तिसरी माझी.

हा लेख त्या सहीचे प्रायश्चित्त म्हणून लिहितो आहे.

माझे भांडण त्या स्पर्धेशी नाही. संस्था भली आहे, पदरमोड करून मुलांना रंग देते. भांडण आहे ते एका वाक्याशी. 'भारतीय लोकचित्रकलेत निसर्ग आणि स्त्री ही शांतीची प्रतीके आहेत' हे ते वाक्य. प्रदर्शनांच्या पत्रकांत, दिनदर्शिकांच्या पाठीवर, शाळांच्या भिंतींवर, सरकारी हस्तकला दुकानांतल्या चिठ्ठ्यांवर ते कुठल्या ना कुठल्या रूपात आपल्याला भेटते. इतके गोंडस वाक्य की त्याला विरोध करणारा माणूस भांडखोर ठरावा. तरीही मी म्हणतो की ते खोटे आहे. आणि नुसते खोटे असते तर एक वेळ चालले असते, ते सोयीस्कर खोटे आहे. ज्या चित्रातून बाई काही मागते आहे त्या चित्राला 'शांतीचे प्रतीक' म्हटले की तिचे मागणे ऐकण्याची जबाबदारी संपते. चित्र भिंतीवर टांगायचे, वा म्हणायचे आणि पुढे जायचे.

प्रथम त्या कबुतराचा निकाल लावू. आमच्या घरांतून, देवळांतून जी चित्रे निघतात त्यांत पोपट आहे, मोर आहे, कोंबडा आहे, नाग आहे, हत्ती आहे. शांतीचे कबूतर नाही. ते नोहाच्या गोष्टीतून ख्रिस्ती चित्रांत आले आणि १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर पिकासोचे कबूतर छापले गेल्यावर जगभर झाले. त्याच्याशी माझे वैर नाही. पण ते आमच्या आजीच्या भिंतीवर कधी बसले नव्हते, हे कोणीतरी मुलांना सांगायला हवे. कबूतर बाहेरून आले हे मान्य केले, की त्याच्या चोचीत दिलेले 'शांती' हे नावही बाहेरून आले असेल काय, हा प्रश्न विचारता येतो.

आता आजीची भिंत. आमचे घर मयेचे. बोलणे कोंकणीत, पोथी आणि पत्र मराठीत, जात्यावरची ओवी दोहोंच्या मधल्या कुठल्याशा भाषेत. डिचोली-पेडण्याकडच्या घरांना हे वेगळे सांगायला नको. भाषेवरून आमच्याकडे भावाभावांत बोलणी बंद झाली, पण चित्राला भाषा नसल्यामुळे त्यावरून कोणी भांडले नाही आणि म्हणूनच कदाचित त्याकडे कोणी पाहिलेही नाही. नागपंचमीला आमची आई पाटावर नाग काढी. लहानपणी मी तिला विचारले होते, नाग का काढतेस? तिने दिलेले उत्तर अजून कानात आहे: "चावू नको म्हणून सांगायला." श्रावणात शेतात पाणी, बांधावर गवत कमरेएवढे, पायांत काही नाही, घरी परतायला अंधार. त्या दिवसांत नाग हा निसर्गसौंदर्याचा विषय नव्हता. त्याच्याशी तह करायचा होता. हळद, चंदन, लाह्या, दूध ही त्या तहाची कलमे.

दिवाळीला, तुळशीच्या लग्नाला खळे सारवून कणा-रांगोळी घालायची तीही अशीच. सारवण कमरेतून वाकून करायचे, शेण गोळा करण्यापासून तयारी. रांगोळीतली पावले घराच्या दिशेने काढायची, कारण लक्ष्मी आत यावी; बाहेरच्या दिशेने काढलीस तर बघ, अशी ताकीद. ह्यात इच्छा आहे, धाक आहे, हिशेब आहे, अंगमेहनत आहे. शांती? ती रांगोळी पुरी झाल्यावर आई उंबऱ्यावर टेकून चहा पीत असे तेवढीच, पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांचे चित्र काढून आपण त्याला तिच्या आयुष्याचे नाव दिले.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्या घरातल्या एका पाटावरून देशाच्या कलेचा निवाडा करता काय? मग देशाचीच उदाहरणे घेऊ, आणि तीही ज्यांना शांतीचा शिक्का सर्वांत ठळक बसला आहे अशी.

वारली चित्र घ्या. ते मुळात बायकांचे. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा तो सवाशिणींनी. मध्ये पालघाट देवी, भोवती झाडे, वेली, पाखरे. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. ह्याहून शांत, मंगल चित्र कोणते? पण ज्या लग्नासाठी तो चौक लिहिला जाई त्याचा खर्च कुठून येई? ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, उंबरगाव भागात सावकार आणि जमीनदार लग्नाला कर्ज देत आणि त्या कर्जापोटी नवरा-नवरी दोघेही त्याच्या दारी राबायला जात. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात हे सारे नोंदवून ठेवले आहे. १९४५ साली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले तेव्हा लग्नगड्यांची सुटका ही त्यांची एक मागणी होती. म्हणजे भिंतीवर देवी भरभराट देते आहे आणि त्याच भिंतीच्या आत बसलेली नवरी उद्यापासून गहाण पडणार आहे. आता सांगा, त्या चौकातली वेल शांतीचे प्रतीक आहे की कोणापाशी तरी केलेला अर्ज आहे?

पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार त्या पाड्यांवर पोचले. जिव्या सोमा मशे हे नाव जगाला कळले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. जिव्या मशे थोरच, त्यांच्या रेषेपुढे मी हात जोडतो. पण ज्या सवाशिणी पिढ्यान्पिढ्या चौक लिहीत आल्या त्यांच्यातल्या एकीचे तरी नाव तुम्हाला-मला ठाऊक आहे काय? नाव नाही, गाव नाही. 'स्त्री हे शांतीचे प्रतीक' एवढेच तिच्या वाट्याला उरले. प्रतीक झाले की नाव लागत नाही, मजुरीही लागत नाही.

मिथिलेचे तसेच. तिथल्या कोहबराच्या भिंतीवरचे कमळ, बांबू, मासे, पोपट आपण आज शुभेच्छापत्रांवर पाहतो. ही चित्रे बाहेरच्या जगाला दिसली कशी? १९३४ च्या बिहार भूकंपात घरे कोसळली आणि आतल्या खोल्यांच्या भिंती उघड्या पडल्या, तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर ह्या इंग्रज अंमलदाराच्या नजरेस ती आली. आणि ती भिंतीवरून कागदावर आली कशी? १९६६-६७ च्या दुष्काळात. हेच भास्कर कुलकर्णी कागद घेऊन तिथे गेले होते. बायकांच्या हातात चार पैसे पडावेत म्हणून. म्हणजे भूकंपाने दाखवली आणि भुकेने विकायला काढली अशी ही कला. तिच्यातल्या मासळीला आणि कमळाला 'समृद्धी आणि शांती' म्हणताना आपली जीभ थोडी तरी अडखळायला हवी.

त्याच मिथिलेच्या गंगादेवी. १९८४ च्या पद्मश्री. कर्करोग झाला तेव्हा त्यांनी त्या दुखण्याची चित्रे काढली. इस्पितळ, खाट, सलाईन, सगळे त्याच पारंपरिक रेषेत. कोहबर काढणाऱ्या हाताला वेदना काढता येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ती पाहावीत. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक अख्खे कोहबर-घर रंगवून ठेवले होते. २०१५ साली नूतनीकरणात त्यावर चुना फिरला. शांतीचे प्रतीक पुसायला वेळ लागला नाही, आणि पुसले गेल्यावर हळहळणारे लोक मूठभर. जी गोष्ट आपण सजावट समजतो तिच्यावर चुना फिरवताना हात कापत नाही.

लांब कशाला जायचे? पेडण्याच्या वेशीपलीकडे कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकरांच्या चित्रकथीच्या पोथ्या उघडा. परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांतून ती चित्रे सगळ्यांनी पाहिली. रामायण-महाभारताची ती पाने. बाण, रथ, राक्षस, वटारलेले डोळे. लोकचित्र म्हटले की शांतीच, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या शेजारच्या गावाची पोथी पाहिलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

ह्यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो गोव्याच्या माणसाच्याच तोंडून येतो. 'मग आमची शांतादुर्गा? ती तर शांतीचीच देवी ना?' आक्षेप रास्त आहे, म्हणून थोडे थांबून उत्तर देतो.

शांतादुर्गेची कथा काय सांगते? शिव आणि विष्णू ह्यांचे युद्ध जुंपले आणि देवी मधे पडली. एकाला एका हाताने, दुसऱ्याला दुसऱ्या हाताने धरून तिने ते भांडण मोडले. दोन भांडणाऱ्या पुरुषांच्या मधे जाऊन उभी राहणारी ही बाई आहे. नदीकाठी घागर घेऊन मान खाली घातलेली नव्हे. आणि शांत झाली तरी तिच्या नावातली दुर्गा तशीच राहिली. शिवाय गोव्याच्या कितीतरी गावांतली शांतादुर्गा ही मूळची सांतेरी. सांतेरी म्हणजे वारूळ. जमिनीतून आपोआप वर येणारी माती, आत काय आहे ते कोणाला दिसत नाही, हात घालायची कोणाची छाती नाही. त्या वारुळाला पुढे मुखवटा मिळाला, संस्कृत नाव मिळाले, 'शांत' हे विशेषण मिळाले. मी भाविक माणूस आहे, नावाबद्दल तक्रार नाही. पण विशेषण कोणी आणि का लावले असेल ते पाहा. जी मुळातच शांत आहे तिला शांत म्हणण्याची गरज कोणालाच पडत नाही. ज्वर उतरावा म्हणून आपण देवीला शितळाई म्हणतो, तसेच हे.

मराठीत शांती हा शब्द आपण कसा वापरतो तेही बघा. वास्तुशांत, उदकशांत, ग्रहशांत, मूळशांत. आपल्याकडे शांत 'करायची' असते. काहीतरी खवळलेले आहे, बिघडलेले आहे, ते मार्गी लावायचे ते कर्म म्हणजे शांत. त्याला सामान लागते, दक्षिणा लागते, दिवसभराचा उपास लागतो. हा अर्थ धरला तर मात्र लोकचित्राचा आणि शांतीचा संबंध खरा आहे. बाई भिंतीवर नाग, झाड, देवी काढते ती शांत करण्यासाठी. ती त्या विधीची कर्ती आहे, प्रतीक नव्हे. पुजा करणाऱ्या भटजीला कोणी 'पावित्र्याचे प्रतीक' म्हणून भिंतीवर चिकटवून दक्षिणा बुडवत नाही. बाईच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच केले.

आमच्या मयेच्या परिसरात तर देवी म्हटली की राग आणि निखारा आधी आठवतो. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई, जिला ख्रिस्ती बांधव मिलाग्रिस सायबीण म्हणून भजतात. ह्या बहिणी आणि खेतोबा त्यांचा भाऊ. विस्तव आणायला गेलेला भाऊ वाटेत खेळत बसला, लईराईने रागाने त्याला लाथ मारली आणि त्या रागाचे प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांतून चालते, अशी एक कथा सांगतात. वैशाखात शिरगावला हजारो धोंड त्या निखाऱ्यांतून जातात. अशा देवींच्या मुलखात 'स्त्री म्हणजे शांती' हा विषय मुलांना द्यायला आम्हाला काहीच कसे वाटले नाही?

आता निसर्गाकडे येतो. इथे माझा आवाज चढला तर वाचकांनी क्षमा करावी.

आमच्या भागात वारली नाही की मधुबनी नाही; आमची म्हणावी ती काव. देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर कावेचे काम असे. तांबडी माती धुऊन, गाळून तिचा थर आणि शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा लेप असे एकावर एक चढवायचे आणि ते ओले असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला रंग उघडा करायचा. वेली, कमळे, मोर, हत्ती, देव असे उमटत जातात. मोरजाईच्या देवळात हे काम आहे. उत्तर कर्नाटकाच्या किनाऱ्यापर्यंत ही कला होती. कृष्णानंद कामतांसारख्या जाणत्याने ती ओळखून तिच्याविषयी लिहिले नसते तर अनेक ठिकाणी ती तेलरंगाखाली आणि टाइल्सखाली मुकाट गेली असती. बरीचशी गेलीच. घरातली बाई वृंदावनाला काव आणि चुना लावी ती ह्याच कलेची धाकटी बहीण. वारल्यांचा गेरू आणि तांदूळ, आमची काव आणि चुना. तांबडे आणि पांढरे, दोन्हीकडे तेच.

हे तांबडे म्हणजे काय? लोखंड. डिचोलीच्या डोंगरांत जे आहे तेच. आमच्या बायकांनी त्या डोंगराची ओंजळभर माती भिंतीला लावली. आणि त्याच डोंगरातून पुढे काय निघाले ते पाहा: २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज जहाजांवर चढले. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. पुन्हा सुरू झाल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने लिलाव झाले आणि त्यातल्या एका पट्ट्याचे नावच 'शिरगाव-मये' असे होते. ह्या वर्षांत शेजारच्या शिरगावच्या विहिरी तळाला गेल्या. तालुक्यात गावोगाव पावसाबरोबर खाणीचा गाळ शेतात उतरला. मी साधुत्वाचा आव आणत नाही. ह्याच तांबड्यावर आमच्या घराघरांतल्या ट्रकांचे हप्ते फिटले, मुलांची शिक्षणे झाली, आणि खाणी बंद पडल्या तेव्हा चुली विझायची वेळ आली हेही मी पाहिले आहे. म्हणून हा प्रश्न सोपा नाही. पण सोपा नाही म्हणूनच त्याचे चित्र काढू नये, हा कुठला न्याय? त्या मुलीने तांबडा कुणगा काढला. काव हीच आमची परंपरा असेल तर त्या साठ-पासष्ट चित्रांत परंपरेला धरून असलेले चित्र तेवढे एकच होते.

आणि भिंत? जिच्यावर चित्र काढायचे ती भिंत तरी बाईची होती काय? मयेच्या माणसाला हा प्रश्न विचारायला लागत नाही. अख्खा गाव एका पोर्तुगीज जहागीरदाराच्या नावावर. १९६१ साली गोवा मुक्त झाला, जहागीरदार गेला आणि १९६४ च्या कायद्याने आमची घरे, अंगणे, कुळागरे 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. पिढ्यान्पिढ्या राहणारे आम्ही, आणि कागदावर कोणीच नाही. घराची भिंत नव्याने घालायची तर परवानगीचा प्रश्न. भू-विमोचनाच्या मागणीसाठी गावाने वर्षानुवर्षे सभा घेतल्या, मोर्चे काढले. कायदा झाला २०१४ साली आणि त्यानंतरही सनदांचे काम रेंगाळतच राहिले. ज्या बाईने चाळीस पावसाळे आपली भिंत लिंपली, सारवली, रंगवली, तिच्या हाती त्या भिंतीचा कागद नव्हता. आमच्या तळ्यावर पर्यटक येतात, २०१८ पासून दोर बांधून उंचावरून उड्या मारतात, 'किती शांत गाव आहे' असे म्हणतात. त्यांचे चुकत नाही, त्यांना तेवढेच दाखवलेले असते. पण आम्हीही आपल्याकडे पर्यटकाच्याच डोळ्यांनी पाहू लागलो तर आमची चित्रे कोण वाचणार?

दोन आक्षेपांना थोडक्यात उत्तर देतो. एक: 'ह्या चित्रांमुळे गरीब बायकांना चार पैसे मिळतात, तुम्ही ते बंद करायला निघालात काय?' मुळीच नाही. कला विकू नये असे म्हणणाऱ्या पोटभरल्या सोवळ्यांतला मी नाही. चित्र विकावे, चांगल्या किमतीला विकावे, खाली काढणारीचे नाव असावे. पण गिऱ्हाइकाला झोप चांगली लागावी म्हणून त्यावर खोटी चिठ्ठी लावू नये. चिठ्ठी खोटी असली की पुढे चित्रेही चिठ्ठीबरहुकूम निघू लागतात. साठ-पासष्ट घागरी मी डोळ्यांनी पाहिल्या.

दोन: 'आज खुद्द चित्रे काढणाऱ्या बायकाच म्हणतात की आम्ही शांतीचा संदेश देतो.' म्हणतात, मीही ऐकले आहे. माईक पुढे धरून 'ह्यातून काय संदेश देता?' असे विचारले की माणूस विचारणाऱ्याला आवडेल तेच बोलतो. आमच्या आईलाही कोणी मंचावर नेऊन विचारले असते तर तिनेही कदाचित तेच सांगितले असते. मी तिला स्वयंपाकघरात विचारले होते, म्हणून खरे उत्तर मिळाले.

टीका करून हात झटकणे सोपे असते, म्हणून माझ्यापुरते काय करणार ते सांगतो. ह्या वर्षी त्याच संस्थेला मी पत्र लिहिले आहे की विषय बदला. 'शांती'ऐवजी विषय द्या: 'आमच्या घरची भिंत काय मागते?' शैली कुठलीही चालेल. दुसरे, आमच्या वाड्यावर ज्या चार-पाच वृद्ध बायका अजून नागपंचमीचा पाट, तुळशीची रांगोळी आणि वृंदावनाची काव हाताने करतात, त्यांची नावे आणि त्या प्रत्येक आकृतीला काय म्हणतात, कशासाठी काढतात, हे मी वहीत उतरवायला घेतले आहे. वाचकहो, पेडणे, डिचोली, सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर. तुमच्या घरीही अशी एक आजी, काकी, मावशी असेल. ह्या दिवाळीत तिने रांगोळी घातली की नुसते 'छान' म्हणून छायाचित्र काढू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा, हे कशासाठी? जे सांगेल ते लिहून ठेवा, तिच्याच भाषेत, तिच्या नावासह.

आणि ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल त्यांनी जरूर लिहावे. वाद झाला तर मला आनंदच आहे. मात्र त्या आधी एकदा मयेला यावे. त्या मुलीचे चित्र संस्थेने परत केले होते. तिच्या वडिलांकडून मागून आणून मी ते आमच्या पडवीत लावले आहे. वडील देताना संकोचाने म्हणाले, "मास्तर, बक्षीस नाही मिळालेले ते." मी म्हटले, माहीत आहे, सही माझीच आहे.